शिळं पाणी

चार फुटी काचेची टाकी करून मी घरात मासे आणले, ते माशांच्या हौसेनं नव्हे. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. माशांशी आमचा संबंध बाजारातून नाक दाबून पुढे सटकण्यापुरता. मासे आणले ते आईला घरात ठेवण्यासाठी. हे वाचून कुणाला मी शहाणा वाटलो असेन, तर त्यानं जरा दम धरावा.

आईचं विसरणं सुरू झालं तेव्हा आधी माणसं गेली, मग वार गेले, मग मराठी जायला लागली. माहेर कर्नाटकच्या हद्दीवरच्या दुधनीचं, त्यामुळे तळाची कानडी वर आली. मला ती कधी लेक समजायची, कधी धाकटा भाऊ, आणि रागात असली की वडिलांच्या गिरणीतला मुकादम. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तरी जेवताना त्यांचं ताट मांडायला लावायची. हे सगळं चालवून घेता येत होतं. येईना ते एकच. पाणी.

आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी येतं, पाच दिवसांनी येतं, मध्येच कुठं पाइप फुटला तर त्याच्या मर्जीनं येतं. आईचा उभा जन्म त्या नळाकडं कान लावण्यात गेला. बाकी सगळं पुसलं गेलं तरी तेवढा कान शाबूत राहिला, फक्त आता त्याला न आलेलं पाणीही ऐकू यायला लागलं. बसल्या जागी दचकायची, "नीर बंतु!" म्हणायची, म्हणजे पाणी आलं, आणि घागर उचलून दाराबाहेर.

दोनदा गल्लीतल्यांनी हाताला धरून आणून सोडलं. तिसऱ्यांदा ती अक्कलकोट रोडला सापडली. दोन्हीकडून ट्रक चाललेत आणि ही मधल्या दुभाजकावर घागर ठेवून उभी. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही.

"आई, इथं काय करालीस?"

"नंबर लावलाय," ती म्हणाली. "तू मधी घुसू नको."

त्या संध्याकाळी पुण्याहून थोरल्या भावाचा फोन आला. त्याला कुणी कळवलं हे मी बायकोला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

"परत एकदा बाहेर गेली की मी येणार आणि तिला मोहोळच्या अलीकडं ती संस्था आहे, तिथं नेऊन ठेवणार. खर्च माझा."

"दादा, आई आहे ती."

"म्हणूनच बोलतोय. ट्रकखाली गेल्यावर कुणाची आई म्हणणार हैस?"

थोरल्या भावांची हीच पंचाईत असते. ते वाईट बोलतात आणि बरोबर बोलतात. ती संस्था मी गुपचूप जाऊन बघूनही आलो होतो. खोटं कशाला बोलू, स्वच्छ होती. ओळीनं खाटा, ओळीनं म्हाताऱ्या, आणि नळाला चोवीस तास पाणी. तिथं आईला वाट बघायलासुद्धा काही उरलं नसतं. परत येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो, शेजारच्यानं विचारलं की पित्त झालंय का. हो म्हणालो.

घराला बाहेरून कडी घालून बघितली. आईनं दारावर कपाळ आपटून घेतलं, टेंगूळ आलं. मग कडी काढली.

टाकीची कल्पना डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत सुचली. तिथं कोपऱ्यात माशांची टाकी होती. आई एरवी डॉक्टरांकडे दहा मिनिटंसुद्धा टिकत नसे. त्या दिवशी मात्र टाकीसमोर बसली ती नंबर येईपर्यंत हललीच नाही. मला वाटलं मासे आवडले. मी वाकून विचारलं, "छान हैत ना?"

ती हळूच म्हणाली, "केवढं पाणी साठवलंय रे यांनी!"

तिथं माझ्या डोक्यात वीज चमकली. एवढं पाणी डोळ्यासमोर भरलेलं दिसलं, तर ही बाहेर शोधायला कशाला जाईल? म्हणजे टाकी पाहिजे, आणि ती बारकी चालणार नाही, मोठी पाहिजे. घरी आल्याबरोबर बायकोला सांगितलं. ती शाळांच्या गणवेशाला काजं करत होती. मशीन न थांबवता म्हणाली, "पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात पाण्याचं कपाट करालाय? करा की. मी काय म्हणू?"

तयार टाकीचा भाव ऐकून दुकानाच्या पायरीवरूनच उतरलो. पण मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, आणि स्टोअरवाल्याला एक रोग असतो. कुठलीही टाकून दिलेली वस्तू बघितली की ती कशाला तरी उपयोगी पडेल असं त्याला वाटतं. कारखान्यात मोडीत काढलेले माग होते. त्यातले लोखंडी पाय आणि अँगल वजनावर घेतले आणि स्टँड वेल्ड करून आणला. बायको त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "मामंजींनी मागावर जन्म काढला. आता मासे काढू द्या."

काच एका बंद पडलेल्या साडीच्या दुकानाच्या शोकेसची मिळाली. भंगारवाल्याला विचारलं, पाण्याचा दाब सोसेल का? तो म्हणाला, "साहेब, हिच्यामागं शालू हुते. मासे काय शालूपेक्षा जड हैत व्हय?" हा युक्तिवाद मला त्या दिवशी पटला. घरी येऊन हिशोब मांडल्यावर कळलं की प्रश्न माशांच्या वजनाचा नव्हता. मग धार घासून, काच दुहेरी लावून, कडेनं सिलिकॉन भरलं. ट्यूबवर लिहिलं होतं की पूर्ण वाळू द्या. मी देणारच होतो. पण मध्येच पाणी आलं. आज भरली नाही तर पुढं किती दिवस थांबायचं? मी नळी सोडली. टाकी काठोकाठ भरली, आम्ही तिघं समोर उभे, मी बायकोकडं विजयी नजरेनं बघितलं, आणि खालच्या कोपऱ्यातून एक बारीक धार आली. मग तिची मैत्रीण आली. मग सगळं कुटुंब आलं. हॉलभर पाणी. बायको पोती टाकत सुटली, मी बोट घालून भोक बुजवायला बघतोय आणि आई सोफ्यावर पाय वर घेऊन टाळ्या वाजवतेय, "नीर बंतु! घरात आलं की रे पाणी!"

तिला इतकं खूश मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. त्यामुळे दुसऱ्यांदा सिलिकॉन भरताना मला राग येईना.

मग वाळू. बांधकामाची वाळू आणली, ती धुतली, गढूळ निघाली, परत धुतली. बायको दारातून बघत होती. "माणसाला आंघोळीला एक बादली आणि वाळूला टँकर!" गल्लीत बातमी पसरली. समोरच्या काकू मुद्दाम येऊन विचारून गेल्या, "म्हंजे तुमी आता खायला लागलाव?" पाणी गाळायचा फिल्टर मी प्लॅस्टिकच्या बाटलीत गादीचा स्पंज कोंबून केला. हवेचा पंप जुना घेतला. तो चालू केला की घरात कुणीतरी घोरतंय असं वाटायचं, आणि आई दर थोड्या वेळानं वडिलांना कुशीवर वळायला सांगायची.

आता मासे तेवढे राहिले होते. विजापूर वेशीजवळ ते विकणारा एक चाचा होता. त्याला म्हणालो, पाणी भरून ठेवलंय, मासे द्या. त्यानं जीभ चावली.

"कब भरे? कल? नक्को भाई. मच्छीको ताजा पानी नक्को, बासी पानी होना. पडा रैने देव. बासी होने देव. मरे तो मेरेकू नक्को बोलना."

बासी म्हणजे शिळं. नळाच्या पाण्यातली ब्लीचिंग पावडर उडून जावी, वाळूत, स्पंजात जी काय घाण खाणारी सूक्ष्म वस्ती लागते ती वसावी, असं त्यामागं शास्त्र होतं. मी घरी येऊन मोबाइलवर ते सगळं वाचलं आणि मला वाटलं, आपण आता अर्धे प्राध्यापक झालो. रोज कुणी ना कुणी येऊन रिकामी टाकी बघून विचारायचं, "मासे कुठायत?" आणि मी खुर्ची ओढून व्याख्यान द्यायचो. "त्याचं काय आहे, पाणी अजून ताजं आहे. माशाला शिळं पाणी लागतं. ही टाकी म्हणजे शिळ्या पाण्याचीच टाकी म्हणा ना." शिळं हा शब्द मी त्या पंधरवड्यात इतक्यांदा उच्चारला असेल की हॉटेलातल्या वेटरनं हाकलून दिलं असतं.

हे सगळं आईच्या समोर चालायचं. ती टाकीपुढं बसलेली असायची आणि शब्द ऐकला की तिचं नाक जरासं आक्रसायचं. मला ते दिसायचं. पण आईचं नाक आजकाल कशानंही आक्रसतं, असं म्हणून मी पुढच्या पाहुण्याकडं वळायचो.

तुम्ही रोज पाणी येणाऱ्या गावचे असाल तर तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्याकडं पाणी आलं की पहिलं काम भरायचं नसतं, ओतायचं असतं. चार दिवसांचं साठवलेलं पाणी काल रात्रीपर्यंत जपून, मोजून वापरलेलं असतं, पण नळ वाजला की ते त्या क्षणाला शिळं होतं. घागर, हंडा, पिंप, सगळं पालथं करायचं, चिंच लावून घासायचं आणि मग ताजं भरायचं. पाणी आलेल्या दिवशी घरात शिळं पाणी ठेवलं तर आईच्या लेखी ते बाईचं घर नव्हे. लहानपणी माझ्या हातातला अर्धा प्यालेला तांब्या काढून तिनं मोरीत ओतलेला मला आठवतो. "नवं आल्यावर जुनं प्यायचं न्हाई, अवदसा येती."

हे सगळं मला माहीत होतं. मी त्याच घरात वाढलो होतो.

पाणी पिकल्यावर चाचानं मासे दिले. लाल, काळे, आणि दोन चपटे चंदेरी. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, मग सोडले. आई काचेला नाक लावून बसली. ते तोंड उघडझाप करत होते, तर तिला वाटलं घोट घेतायत.

"प्या," ती त्यांना म्हणाली. "लाजू नका. हितं लई हाय."

मग मला विचारलं, "हे कुणाचं पाणी रे?"

"आपलं."

"सगळं?"

"सगळं आपलं, आई."

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात सर्वांत हुशार होतो. आई बाहेर जायची थांबली. सकाळी चहा घेऊन टाकीपुढं बसायची, दुपारचं जेवणही तिथंच. भाकरीचा चुरा टाकायची, कानडीत त्यांना माहेरच्या गोष्टी सांगायची. एका चंदेरी माशाला ती कायम पोटाशी आहे म्हणायची आणि त्याच्या वाट्याला चुरा जास्त. मध्येच "नीर बंतु" म्हणून दचकायची, पण नजर टाकीवर गेली की परत खाली बसायची. मी थोरल्याला व्हिडिओ पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. बायको म्हणाली, "एवढ्या वर्षांत तुमचं एक काम सरळ झालं. नजर लागंल, काळा ठिपका लावा काचेला."

त्या दिवशी मी कारखान्यात होतो. बायको काजं केलेले गणवेश पोचवायला गेली. जायचं यायचं तासाभराचं काम, पण त्या दिवशी हिशेबात तिची सगळी दुपार गेली, आणि आईला एकटं ठेवायची आता भीती वाटत नव्हती. पाण्याच्या दिवशी बायको घर सोडत नसे, आईला हात लावू न देता सगळं तीच भरायची, पण पाणी दुसऱ्या दिवशी यायचं होतं. ते एक दिवस आधी आलं. आणि आईनं ते खरोखर ऐकलं.

मी घरी पोचलो तेव्हा बायको नुकतीच परतलेली होती आणि उंबऱ्यातच थांबली होती. दार उघडं होतं, आणि आई आतच होती. हे मला पहिल्यांदा जाणवलं, ती बाहेर गेली नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, केस सुटलेले, श्वास लागलेला. स्वयंपाकघरातले सगळे हंडे घासून भरलेले. आणि समोर टाकी, तळापर्यंत उपसलेली, वाळू धुतलेली, काच आतून पुसलेली, बाटलीतला स्पंजसुद्धा पिळून वाळत टाकलेला. नळी लावून नव्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. त्या पाण्याला पावडरीचा असा वास होता की दारातच डोळे चुरचुरले.

एवढी मोठी टाकी त्या बाईनं तांब्या तांब्यानं उपसली होती. डॉक्टर म्हणत होते, हिला आता हातात कप धरवणार नाही.

"आलास?" ती म्हणाली. मला लेक म्हणून ओळखत होती, चेहऱ्यावरून कळत होतं. "शिळं शिळं म्हणून रोज बोंबलत हुतास ना? समदं काढलं बघ. आता ताजं हाय."

"मासे?" बायकोनं विचारलं.

आईनं अभिमानानं कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं तांब्याची घागर होती, तिच्या लग्नातली. चिंचेनं घासून आरशासारखी केलेली, नव्या पाण्यानं भरलेली. टाकी धुवेपर्यंत पाहुण्यांना बसवायला तिनं घरातली सर्वांत चांगली जागा दिली होती. मी वाकून आत बघितलं. सगळे वर आले होते, पोटं वर.

"दमलेत," आई म्हणाली. "न्हाऊन निजलेत. आता सोड टाकीत."

मी घागर उचलून आत न्यायला लागलो. तोंडाला येईल ते बोललो. लाइट गेली होती, पंप बंद पडला, मासे आजारीच होते, चाचानं फसवलं. एवढी कारणं मी स्टोअरमध्ये माल कमी भरल्यावरसुद्धा देत नाही. आईनं पदर खोचला, माझ्या हातातली घागर थांबवली आणि आत हात घातला. चंदेरी मासा तिनं ओंजळीत घेतला, अंगठ्यानं त्याचं पोट जरा दाबलं.

"आई, तो झोप..."

"गप," ती म्हणाली. "शेतातली हाय मी. मेल्यालं मला कळत न्हाई व्हय?"

मग ओंजळीकडंच बघत म्हणाली, "नाने कोंदे." मीच मारले.

आमच्या घरात मुंगीलासुद्धा साखर टाकून वाट काढून देतात.

तरी मला धीर होता. आईच्या रोगाचा मला धीर होता. म्हटलं, झोपून उठली की विसरेल. दुसऱ्या दिवशी रजा टाकून चाचाकडं गेलो, मोबाइलमधला व्हिडिओ दाखवून हुबेहूब तसेच मासे मागितले. त्यानं काय झालं विचारलं. मी सांगितलं. "तांबेकी घागर?" तो हळहळला, "तांबा तो जहर है भाई मच्छीको," आणि एक मासा वर दिला. पाणी शिळं करायला वेळ नव्हता म्हणून त्याच्याच टाकीतलं जुनं पाणी कॅनमध्ये भरून रिक्षानं आणलं. पाणी विकत घेऊन घरी नेणारे सोलापुरात पुष्कळ, घाण पाणी नेणारा मीच पहिला. आई आत पडून होती तोवर सगळं लावून टाकलं. बायको म्हणाली, "काळा जरा बारका वाटतोय." मी म्हणालो, "त्यांना काय कळतंय."

आईला हाताला धरून आणून बसवलं. ती बघत राहिली. तिनं त्या आठवड्यात मला दोनदा मामा म्हणून हाक मारली होती. बायकोला कामवाली समजून पगार विचारला होता.

"ही ती न्हाईत," ती म्हणाली.

"तीच आहेत, आई."

"पोटुशी कुठाय?"

मी एका चंदेरी माशाकडं बोट दाखवलं. तिनं माझ्याकडं बघितलं, अशा नजरेनं की मला वाटलं ही कधीच काही विसरली नव्हती, एवढे दिवस आमची गंमत करत होती. मग उठली आणि आत गेली. तिच्यातून माणसं गेली, वार गेले, नवरा मेला हेसुद्धा गेलं. हे एक मात्र जाईना. सकाळी उठली की पहिलं तेच. जेवताना तेच. आणि त्या दिवसापासून तिनं पाण्याला हात लावला नाही. तांब्या समोर ठेवला तरी तहानलेली बसून राहायची. बायको तिच्या तोंडाला भांडं लावायची. आंघोळ घालताना दोन्ही हात मागं लपवायची. देवापुढच्या पंचपात्राजवळ फिरकेना. एकदा बायकोनं कणीक मळायला पाणी घाला म्हणून मुद्दाम सांगितलं, तर म्हणाली, "माझ्या हातचं नको बाई. मरतंय."

बाहेर जाणं तर आता कायमचंच थांबलं. दार सताड उघडं असलं तरी ती उंबऱ्याकडं बघत नसे.

थोरला आला. दोन दिवस राहिला. आई खाटेवर भिंतीकडं तोंड करून, शांत. त्यानं टाकी बघितली, स्टँड हलवून बघितला, माझ्या पाठीवर थाप मारली.

"काय भारी डोकं चालवलंस रे. आता त्या संस्थेचं नाव काढायला नको."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मी मागितलं होतं तेच मला मिळालं होतं. बायको आत भांडी जोरात आपटत होती.

तो पुण्याला गेला त्या दुपारी पाणी आलं. गल्लीत आरडाओरडा सुरू झाला, बादल्या वाजल्या, समोरच्या काकू कुणाला तरी शिव्या देत होत्या. आमचा नळ सूं सूं करून खोकला आणि मग धार लागली. आईच्या कानाची पाळी हललेली मी बघितली. पण ती जागची उठली नाही. मी खाटेपाशी खाली बसलो.

"आई, नीर बंतु."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"चल की. नंबर लावू. मी घागर धरतो. पार नाक्यापर्यंत जाऊ, तू म्हणशील तिथं जाऊ." माझा आवाज कसा येत होता हे बायकोच्या तोंडावरून कळत होतं. "उठ की गं. शिळं ओतायचंय सगळं, ताजं भरायचंय."

आईनं कूस बदलली. मला कुणीतरी परका समजून ती अदबीनं म्हणाली, "तुमी भरून घ्या. मला नगं."

बाहेर नळ चालूच होता. बायकोनं जाऊन तो बंद केला.